मुंगीचा कौल

वडनेरात कांताशी वाद घालायचा नाही, हे तिच्या दुकानात गूळ-शेंगदाणे घ्यायला येणाऱ्या कुणालाही विचारा. वजनात मारलं म्हणून कुणी कुरकुर केली, तर ती तागडी गिऱ्हाइकाच्याच हातात देते आणि म्हणते, "घे, तूच मोज." नवऱ्याला ती चारचौघांत दटावते आणि सरपंचाला तोंडावर बोलते. गावाचं म्हणणं, बाई जात्याच भांडखोर. साफ खोटं. लग्न होऊन आली तेव्हा ही पोरगी इतकी मऊ होती, की सासूनं "बस" म्हटलं की बसायची, आणि सासू "ऊठ" म्हणायला विसरली तर बसूनच राहायची. तिला भांडायला शिकवलं ते एका मुंगीनं.

सासू म्हणजे सखूबाई, आणि सखूबाई म्हणजे कांताची सख्खी आत्या. हिंगणीच्या रूपरावांची ही थोरली बहीण वडनेरला तेलघाणीवाल्या बाबारावांकडे दिलेली. पुढे आपल्या गजेंद्रसाठी तिनं भावाचीच पोरगी मागितली. मामाच्या मुलीवर आतेभावाचा पहिला हक्क, हे आपल्याकडे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही, तरी सगळ्यांना पाठ असतं. रूपराव म्हणजे वांगी-कोबी पिकवून सेलूच्या बाजारात नेणारा साधा माणूस. पोरगी बहिणीच्याच घरी जाते म्हटल्यावर त्यांनी पुढं एकही प्रश्न विचारला नाही. घाणी तोवर बंद पडली होती, तिच्या जागी किराणा दुकान आलं होतं आणि दुकान बरं चालत होतं. सासू आत्याच असल्यावर सासुरवास कसला, असं जो तो म्हणाला.

पहिला मुलगा झाला. नीलेश. दहा महिन्यांचा होईस्तोवर अंगानं चांगला भरलेला होता, कडेवर घेतला की हात भरून यायचा. तेवढ्यात कांताला पुन्हा दिवस गेले आणि सखूबाईनं नातवाचं अंगावरचं दूध तोडलं. पोटुशी बाईचं दूध नासतं आणि ते पोराला बाधतं, असं तिला तिच्या आईनं सांगितलेलं. नीलेशला गाईचं दूध सुरू झालं. काही आठवड्यांतच त्याच्या तोंडाभोवती लाल चट्टे उठले, मग ढुंगणाला, मग बोटांच्या पेरांना. साली निघायच्या, खालून पाणी सुटायचं. जुलाब लागले. डोक्यावरचे केस दुपट्यावर राहू लागले. दिवसभर किरकिर करायचा आणि उजेड दिसला की तोंड फिरवायचा. दवाखान्यातलं मलम लावून झालं, जाणत्याची राख लावून झाली. दोन्हींचा गुण सारखाच.

मग सखूबाईनं परीक्षा घेतली. पितळेच्या वाटीत कांताच्या अंगावरचं दूध काढलं, अंगणातली एक काळी मुंगी चिमटीत धरली आणि त्यात सोडली. मुंगी पोहून काठाला लागली तर दूध चांगलं, बुडून मेली तर दुधात जहर, असा हा न्याय. शेजारणी पदर खोचून भोवती उभ्या राहिल्या. मुंगीनं जरा पाय झाडले आणि ती थांबली.

"पाह्यलं?" सखूबाई म्हणाली. "म्या तोडलं म्हणून एवढे दिस तरी निंगले. हे जहर पेला माहा नातू."

कांता एकोणीस वर्षांची होती. छाती दुधानं ठणकत होती, पोर तिच्याकडे हात करून रडत होतं, आणि त्याला जवळ घ्यायची तिला बंदी होती. नीलेश गेला. त्या घरात पुन्हा कुणी त्याचं नाव घेतलं नाही, त्याचं झबलंसुद्धा कुणी दिसू दिलं नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे, आपल्या दुधात जहर आहे हे कांतानंही खरं मानलं. मुंगीपुढं माणसाचं काय चालणार!

बाळंतपणाला ती हिंगणीला गेली. नव्वद सालची गोष्ट. मुलगी झाली, तिचं नाव दिपाली. कांता तिला पाजायला तयार नव्हती, पण रूपरावांची बकरी नेमकी आटलेली आणि पोरगी भुकेनं घर डोक्यावर घेणारी. शेवटी आईनं ढोसलं तेव्हा तिनं भीत भीत पोरीला पदराखाली घेतलं. प्रत्येक वेळी पाजून झालं की ती पोरीचं तोंड उजेडात नेऊन बघायची, कुठं लाल दिसतं का. काही दिसलं नाही. पाच महिने ती पोरगी आईच्या जहरावर वाढली आणि इतकी टवटवीत झाली की रूपराव तिला कोबीच्या गड्ड्याशेजारी बसवून कोण जड ते लोकांना विचारायचे.

वडनेरला परत आल्यावर सखूबाईनं दारातच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि पोरगी आपल्या कडेवर घेतली. "आता हे बकरीच्या दुधावर राहीन," असं सांगितलं. कांता "बरं" म्हणाली. एक महिना उलटला नसेल, दिपालीच्या ओठांच्या कोपऱ्यांत लाल उमटलं. मग हनुवटीला. मग ढुंगणाला.

कांता घाणीच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसली. खोलीला अजून पेंडीचा वास होता. तिथं बसून तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं एक गोष्ट शेवटपर्यंत नेली. नीलेश माझ्या अंगावर होता तोवर चांगला होता, तोडला आणि फुटला. ही हिंगणीत माझ्या अंगावर होती तोवर चांगली होती, इथं तोडली आणि फुटली. मग जहर कुठं आहे? मग ती बाहेर आली. इतका राग तिला पूर्वी कधी आला नव्हता.

अंगणात सखूबाई पुन्हा पितळेची वाटी घेऊन तयारच होती. नातीच्या अंगावर उठलं म्हणजे सुनेनं चोरून पाजलं असणार, असा तिचा हिशेब. शेजारणी आल्या होत्या.

"काढ दूध," सखूबाई म्हणाली.

कांतानं दूध काढून दिलं. मग आत गेली आणि दुसरी वाटी घेऊन आली. "थांबा, आत्याबाई. हे तुमच्या बकरीचं दूध. यातबी एक मुंगी सोडा."

"काऊन? बकरीच्या दुधाले काय झालं?"

"काई नाई झालं. म्हणूनच तर सोडा."

सखूबाई सोडेना, तेव्हा कांतानंच दोन मुंग्या उचलल्या आणि दोन्ही वाट्यांत एकेक टाकली. दोघी पाय झाडून झाडून थांबल्या. बकरीच्या दुधातली तर आधी मेली.

"आता सांगा," कांता म्हणाली. "दोन्हीत जहर हाये, का मुंगीले पोहता येत नाई?"

एक शेजारीण फिसकन हसली आणि तिनं तोंडावर पदर धरला. कांतानं सासूच्या कडेवरून पोरगी ओढून घेतली, तिथंच तुळशीच्या ओट्याला टेकून बसली आणि सगळ्यांसमोर तिला छातीशी धरलं. "ज्याले पाह्यचं त्यानं पाहावं. ज्याले नाई पाह्यचं, त्यानं आपल्या घरी जावं. हे पोट्टी मी मरू देनार नाई."

त्या दिवसापासून आत्या आणि भाची यांच्यात सरळ युद्ध सुरू झालं. चट्टे मात्र ओसरले. दिपाली रांगू लागली, चालू लागली, बोलू लागली आणि तरी अंगावर पीत राहिली. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना ती साडेतीन वर्षांची पोरगी गल्ल्यामागं येऊन आईचा पदर ओढायची, आणि बाया तोंड दाबून हसायच्या. "शाळेतबी जाशीन का वं पाजाले?" असं एकीनं विचारलं. "जाईन," कांता म्हणाली, "अन् तुले मधल्या सुट्टीत बोलावीन पाह्याले." पण मनातून ती घाबरलेली होती. दूध आटत चाललं होतं. जेवढं आटेल तेवढं पोरीच्या ओठांजवळ लाल डोकवायचं. आपण फुटक्या घागरीच्या भोकावर हात धरून बसलो आहोत आणि हात दुखायला लागला आहे, हे तिला कळत होतं.

एक दिवस ती कुणाला न विचारता पोरीला घेऊन एसटीत बसली आणि सेवाग्रामला गेली. कातडीच्या डॉक्टर मॅडम होत्या, नव्या, जेमतेम तिशीच्या. त्यांनी पोरीचं तोंड, बोटं, केस सगळं पाहिलं आणि विचारलं, "दूध कधीपर्यंत पाजलं?"

कांता भांडायच्या तयारीनंच आली होती. "अजून पाजते. साडेतीन वर्ष झाले. हसा."

मॅडम हसल्या नाहीत. "तुम्ही हिला जिवंत ठेवलंत," त्या म्हणाल्या. कांताला इतकं रडू आलं, की बाकावरची माणसं आपला आजार विसरून तिच्याकडे बघू लागली.

आजार नेमका काय, ते मॅडमनी सोपं करून सांगितलं. अन्नातून जे जस्त पोटात जातं ते या पोरीच्या आतड्यातून रक्तात शिरत नाही. आईच्या दुधातलं कसं शिरतं, हे अजून कुणाला पुरतं कळलेलं नाही, पण शिरतं. आता जस्ताची गोळी रोज द्यायची, भरपूर मात्रेत. जन्मभर. थांबवली की रोग परत येणार, आणि या रोगात माणूस मरतं, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

वडनेरात या औषधाचं स्वागत कसं झालं, विचारू नका. "जस्त म्हंजे बादलीचं?" सखूबाईनं डोक्याला हात लावला. "पोरीले बादली चारून राह्यली हे!" बाबारावांना वेगळीच धास्ती. दुकानात उंदीर मारायची काळी पूड ठेवलेली असायची, तिच्या पुडीवर झिंकचं नाव होतं. म्हाताऱ्यानं गोळ्यांचं पाकीट आणि ती पुडी शेजारी ठेवून दोन्हींवरची अक्षरं ताडून पाहिली आणि गोळ्या कुलपात टाकल्या. गजेंद्र मनानं वाईट नव्हता, पण आईपुढं त्याच्या तोंडाला कुलूप. त्यातल्या त्यात धाडस करून त्यानं हिंगणघाटहून एक कोरी करकरीत जस्ताची बादली आणली आणि पोरीला त्यातलंच पाणी द्या म्हणाला. म्हणजे गोळी नको आणि भांडणही नको! कांतानं त्या बादलीत गाईला पाणी पाजलं, कुलूप उघडायला लावलं आणि पोरीला गोळी दिली. उजेड दिसला की तोंड फिरवू लागलेली पोट्टी आठवडाभरात दारातल्या उन्हाकडं बघून हसली. कातडी नंतर भरली. आधी ते हसू आलं.

मग कितीतरी वर्षं सुखाची गेली. केसांच्या दोन वेण्या, शाळा, भांडणं, गोळी. बाबाराव वारले. दिपाली तेरा वर्षांची झाली, आणि शाळेत मुलींना रक्तवाढीच्या लाल गोळ्या मिळू लागल्या. पोरगी शहाणी. रोज एक गोळी खायचीच आहे तर दोन्ही सोबतच खाऊ, म्हणून सकाळी उपाशीपोटी जस्त आणि लोखंड एका घोटात गिळायची. मात्राही मनानंच वाढवली, कारण मैत्रिणींच्या गोळ्याही हिलाच मिळत. मैत्रिणींना त्या आवडत नसत आणि दिपालीला गोळ्यांचं काय भ्या! काही दिवसांनी कंगव्यात केस येऊ लागले. ओठांचे कोपरे लाल झाले.

"सरला गुण," सखूबाई म्हणाली. "म्या म्हणतच होती. बंद कर तो बादलीचा पाला."

कांता एसटीत बसली. आता मॅडमच्या केसांत पांढरं दिसत होतं. त्यांनी सगळी हकीकत ऐकली, लाल गोळ्यांचा आकडा ऐकून कपाळाला हात लावला, आणि त्या दिवशी वेळ काढून कांताला समोर बसवलं.

"तुमच्या घरी घाणी होती ना? मग सांगा, लोणच्यावर तेलाचा थर असतो, त्या तेलात मीठ विरघळतं का?"

"नाई. खाली जाऊन बसते."

"बरोबर. आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं आहे, आणि प्रत्येक पेशीभोवती असाच तेलकट पडदा असतो. जस्त, लोखंड हे अन्नातून येतात ते मिठासारखे, पाण्यात विरघळलेले. तेलातून त्यांना जाता येत नाही. मग त्या पडद्यात दारं बसवलेली असतात. प्रथिनांची दारं."

"प्रथिनं तर डाळीत राह्यते," कांता म्हणाली. दवाखान्यातल्या भिंतीवर तिनं ते चित्र वर्षानुवर्षं पाहिलं होतं. "डाळीचं दार कसं होईन?"

मॅडम हसल्या. "डाळीतून माल मिळतो, दार शरीर स्वतः घडवतं. सुताराला लाकूड मिळालं की तो चौकटही करतो आणि पाटही करतो, तसं. आतड्याच्या पेशीवर जस्ताचं वेगळं दार असतं, लोखंडाचं वेगळं. दार आपला धातू ओळखून आत ओढतं. पलीकडच्या बाजूला आणखी दारं असतात, ती त्याला रक्तात सोडतात. दिपालीचं जस्ताचं आत घेणारं दार घडतानाच वाकडं घडलंय. ते दार नेमकं कोणतं, हे बाहेरदेशातल्या लोकांनी आत्ता वर्षभरापूर्वी शोधून काढलं. आपण गोळी भरपूर देतो म्हणजे काय करतो? समोरचं दार बंद, म्हणून एवढी गर्दी करतो की थोडं जस्त आडवाटांनी, फटीतून आत शिरतंच. आणि हिनं काय केलं? त्याच फटीपाशी, त्याच वेळी, लोखंडाची जत्रा आणून उभी केली."

कांताला चित्र दिसलं. "म्हंजे जस्त सकाळी अन् लोखंड संध्याकाळी, असं केलं तर?"

"अगदी तसंच करायचं. आणि मैत्रिणींच्या गोळ्या मैत्रिणींनाच खाऊ द्यायच्या." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही आणि तुमचे यजमान, लग्नाआधीचं काही नातं?"

"मी त्यांची मामेबहीण."

"प्रत्येक दाराचे दोन नकाशे असतात. एक आईकडून, एक बापाकडून. एक चांगला असला तरी दार नीट होतं, माणसाला कळतही नाही. दोन्ही वाकडे आले तरच असं होतं. तुमच्या आणि त्यांच्या, दोघांच्याही अंगात तो वाकडा नकाशा एकाच घरातून आला असणार. हिचं लग्न कराल तेव्हा नात्यात करू नका. बाहेरच्या मुलाशी झालं तर मुलं बहुधा ठणठणीत होतील."

घरी आल्यावर कांतानं हे सगळं सासूला ऐकवलं, एक अक्षर गाळलं नाही. एकाच घरातून म्हणजे हिंगणीच्या घरातून. सखूबाईच्या माहेरातून. माझ्या दुधातून नाही. तेरा वर्षं गिळलेला घास होता तो, बाहेर पडताना जरा जोरातच पडला. सखूबाईनं कानांवर हात ठेवले, "माह्या बापाच्या घराले नावं ठेवते!" म्हणाली आणि त्या दिवशी जेवली नाही. दिपालीचे ओठ पुन्हा भरून आले, आणि आजीनं बादलीच्या पाल्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

दिपाली एकोणीस वर्षांची झाली, हिंगणघाटच्या कॉलेजात जाऊ लागली, आणि अल्लीपूरहून प्रमिलाबाई आल्या. प्रमिला म्हणजे गजेंद्रची धाकटी बहीण. तिचा वैभव चांगला मुलगा, कपड्याच्या दुकानात बापाच्या हाताखाली तयार झालेला. प्रमिलाबाईनं पिशवीतून साडी काढली, नारळ आणि सुपारी काढली आणि पाटावर मांडली. "दादा, मामाची पोरगी हाये. माह्या वैभवचा हक्क हाये. अन् तुमाले तरी बाहेर कोन भेटते? पोरगी रोज गोयी खाते, हे बाहेरच्यायले सांगशान का लपवशान? माह्या घरी आली तर घरची गोष्ट घरात राहीन."

गजेंद्रच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद पसरला. हीच चिंता त्याला दोन वर्षं खात होती. सखूबाई भिंतीला टेकून बसली होती, ऐंशीला आलेली, आणि नारळाकडं बघत होती. तिचं मन कुठं आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. लेकीच्या घरी नात जाणार, यापरतं म्हातारीला काय हवं?

"नाई," कांता म्हणाली.

"काय नाई?"

"हे लग्न नाई. वैभव माह्या पोरासारखा हाये, म्हणूनच नाई. दिपालीचे दोन्ही नकाशे वाकडे हायेत. वैभवपाशी तुमच्याकडून एखादा आला असन तर? त्यायच्या पोरायचं काय होईन, तुमी पाह्यलं नाई. म्या पाह्यलं हाये."

"असन तर, असन तर!" प्रमिलाबाई उसळली. "माह्या पोराच्या अंगावर कवा एक फोड तरी आला का? अन् झालंच तर गोयी हाये ना आता! चार बुकं काय ऐकून आली, आपल्या रीतीभातीले लाथ मारून राह्यली. तुहं लग्न कसं झालं वं? तुलेबी मामाघरूनच आनलं ना?"

"मामाघरूनच आनलं. अन् त्या रीतीनं माहा पोरगा खाल्ला."

गजेंद्र म्हणाला, "कांता, पुरे." आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज जरा चढला. "बाहेरचा कोन करीन हिले? ते तरी सांग."

"जो करीन तो डोये उघडे ठेवून करीन. मी लपवनार नाई. पाहाले आलेल्यायच्या पुढंच गोयी खाईन हे. नाई केलं कोनं, तर घरी राहीन, शिकन. जिवंत तर राहीन."

दिपाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं डबीतून गोळी काढली, पेला घेतला आणि प्रमिलाबाईच्या समोर येऊन गिळली. "आत्या," ती म्हणाली, "मीबी नाई म्हणते. वैभवदादाले सांगजो, माहा त्याच्यावर राग नाई."

बाहेर दुकानात कुणीतरी चहापत्ती मागत होतं आणि कुणी उठलं नाही. सखूबाईनं आवाज न चढवता विचारलं, "कांते, त्याचं नाव काय ठेवलं होतं वं आपन?"

कुणाचं नाव, हे तिला विचारावं लागलं नाही. "नीलेश."

"नीलेश," सखूबाई म्हणाली. वीस वर्षांत पहिल्यांदा. "माह्या मायच्याबी एका पोराले असंच झालं होतं. रूपरावाच्या वरचा. तोंड आलं अन् गेला. मायनं तवा मुंगी सोडली होती वाटीत. म्या पाह्यलं होतं, लहान होती मी. मले वाटलं असंच राह्यते." ती कांताकडं वळली. "त्याले म्या मारलं का वं?"

एवढी वर्षं कांतानं या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं. किती वेळा चुलीपुढं, किती वेळा गल्ल्यामागं तिनं ते मनात घोकलं होतं. आता ते ओठांवर आलं आणि तिला ते म्हणावंसं वाटेना. म्हातारीच्या पुढ्यात ती खाली बसली.

"नाई, आत्याबाई. तवा आपल्याले कोनालेच माहीत नव्हतं." मग तिनं सासूचा हात धरला, आणि आवाज मात्र मऊ केला नाही. "आता माहीत हाये. आता केलं, तर मारलंच म्हनावं लागन."

सखूबाईनं हात सोडवला, भिंतीला धरून उठली आणि पाटावरचा नारळ उचलला. प्रमिलाबाईला वाटलं, आई नातीच्या ओटीत घालते. तिनं पदर सावरला. सखूबाई दाराकडं गेली, वाकली, आणि अंगात होता तेवढा जोर लावून तिनं तो नारळ उंबऱ्यावर हाणला. पहिल्या घावाला फुटला नाही. दुसऱ्याला फुटला आणि पाणी चौकटीवर उडालं.

"आई!" प्रमिलाबाई ओरडली. "सोयरिकीचा नारळ होता तो!"

"नीलेशच्या नावानं फोडला," सखूबाई म्हणाली. "त्याच्या नावानं काईच केलं नव्हतं आपन." तिनं करवंटीतून खोबऱ्याचे तुकडे काढले आणि एकेकाच्या हातावर ठेवत आली. दिपालीला दिला, गजेंद्रला दिला, कांताला सगळ्यांत मोठा दिला. मग लेकीपुढं येऊन थांबली. "घे. अन् वैभवले बाहेरची पोरगी पाह्य. चांगली पाह्य."

प्रमिलाबाई चहा न घेताच निघाली. साडी तिनं परत पिशवीत घातली. खोबऱ्याचा तुकडा मात्र तिनं टाकला नाही. तो पदराच्या टोकाला बांधून घेतला आणि तशीच अल्लीपूरच्या गाडीत बसली.